‘आधी हाड बसवा, मग दवाखान्यात न्या’ या संदेशाचा प्रतिवाद

रामबागेपासून सुदामानगरापर्यंत इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : अपघातात हाड मोडले तर पहिल्या दहा मिनिटांत तो अवयव ओढून सरळ करावा, नाहीतर हाड वाकडेच धरते, त्यावर हळद-चुन्याचा लेप देऊन बांबूच्या कामट्या घट्ट आवळाव्यात, बोटे हलत असतील तर हाड शाबूत आहे असे समजावे, जखमीला गरम हळद-दूध पाजावे, घरचा माणूस असेल तर मिळेल त्या वाहनातून पळवावे, परका असेल तर हात लावू नये, कारण पोलीस मागे लागतात, आणि दवाखान्यात हाडात सळई किंवा धातूची पट्टी टाकायला साफ नकार द्यावा, कारण हाड आपोआप जुळतेच. मी या शहरात तीस वर्षे हाडांचा डॉक्टर म्हणून काम केले आहे आणि हा संदेश मला माझ्याच नात्यातल्या तिघांनी पाठवला. त्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच त्यातील एकेका मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा दहा मिनिटांचा. मोडलेले हाड दहा मिनिटांत काहीच ‘धरत’ नाही. मोडलेल्या टोकांभोवती प्रथम रक्त साकळते, त्यात हळूहळू नवी ऊती वाढते, मोठ्या माणसात दोन-तीन आठवड्यांनी ती चिकट आणि मऊ सांधणीसारखी होते, आणि ती कठीण होऊन भार पेलू लागायला हाताच्या हाडाला साधारण सहा ते आठ आठवडे, पायाच्या मोठ्या हाडाला तीन महिने किंवा अधिक लागतात. वाकडे झालेले हाड त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, बहुतेक वेळा आठवड्यानेही व्यवस्थित बसवता येते. पहिल्या दहा मिनिटांत जे हातातून जाते ते हाड नव्हे, श्वास आणि रक्त. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर कातडी शाबूत असतानाही एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते, आणि कमरेच्या कड्याची हाडे फुटली तर दोन लिटरांहून अधिक. बाहेर थेंबही न दिसता माणूस पांढरा पडतो, घामाघूम होतो, असंबद्ध बोलू लागतो, आणि नातेवाईक मात्र वाकड्या पायाकडे पाहत असतात.

अपघाती रुग्णाला कोणत्या क्रमाने पाहावे याची आज जगभर शिकवली जाणारी पद्धत ज्या प्रसंगातून निघाली तो येथे सांगण्याजोगा आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली आणि मुले गंभीर जखमी झाली. स्टायनर स्वतः हाडांचेच शल्यचिकित्सक होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांवर ज्या तऱ्हेने उपचार झाले ते पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह एक प्रशिक्षणक्रम उभा केला आणि १९७८ मध्ये त्याचा पहिला वर्ग झाला. त्यात श्वासमार्ग प्रथम, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, आणि हातापायांची सविस्तर तपासणी त्यानंतर येते. वाहते रक्त दाबून थांबवण्यासाठी मात्र कोणीही वाट पाहत बसायचे नाही. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाबून धरणे हे सामान्य माणूस करू शकतो आणि त्याने ते केलेच पाहिजे.

अवयव ओढण्यात आणखी एक धोका आहे. मोडलेल्या हाडाची टोके धारदार असतात आणि कोपरापाशी व गुडघ्यामागे मुख्य रक्तवाहिनी हाडाला अगदी लागून जाते. अजाण हाताने दिलेल्या एका झटक्याने ती वाहिनी किंवा शेजारची नस कायमची दुखावू शकते. ओढ देणे ही क्रिया मुळात वाईट आहे असे मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांनी आपले नातेवाईक ह्यू ओवेन थॉमस यांची लोखंडी कड्याची फळी मांडी मोडलेल्या सैनिकांसाठी वापरात आणली आणि असंख्य प्राण वाचले, ते संथ, स्थिर, मोजून दिलेल्या ओढीमुळेच. पण ती शिकलेल्या हाताने, नाडी तपासत दिलेली ओढ होती. घरच्या माणसाने अवयव ज्या स्थितीत सापडला त्याच स्थितीत आधार देऊन स्थिर ठेवावा.

दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे लेप देऊन कामट्या घट्ट आवळण्यावर, मी अधिक लिहिणार आहे, कारण या एका वाक्याने होणारे नुकसान मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. महूच्या बाजूच्या एका खेड्यातून आठ वर्षांचा मुलगा आणला होता. पेरूच्या झाडावरून पडून त्याचे कोपराच्या वरचे हाड मोडले होते. गावातल्या हाडवैद्याने कामट्या आवळून बांधल्या होत्या. मुलगा रात्रभर रडला तेव्हा घरच्यांनी त्याला ‘सहन कर’ म्हणून समजावले, आणि पहाटे तो रडायचा थांबला तेव्हा सर्वांना बरे वाटले. तो थांबला होता कारण हात बधिर झाला होता. आम्ही पट्टी कापली तेव्हा बोटे थंड होती. हात राहिला, पण बोटे आकड्यासारखी आत वळली आणि पुढे दोन शस्त्रक्रिया करूनही तो त्या हाताने पेन्सिल नीट धरू शकला नाही.

याचे कारण जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे आणि ती विकृती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. हातापायांचे स्नायू न ताणणाऱ्या जाड आवरणांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हाड मोडले की आत रक्त आणि सूज वाढते. बाहेरून पट्टी आवळली तर सुजेला जागाच उरत नाही, कप्प्यातील दाब चढत जातो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. साधारण सहा तासांनंतर त्या स्नायूंची हानी भरून येत नाही. या अवस्थेत मनगटावरची नाडी पुष्कळदा लागत असते, म्हणून नाडीवर विसंबून चालत नाही. दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारी वेदना, बोटे हलकेच सरळ केली तरी किंचाळण्याइतके दुखणे, मुंग्या, बधिरपणा ही लक्षणे दिसताच पट्टी, कामट्या, इतकेच काय पण डॉक्टरने घातलेले प्लास्टरसुद्धा ताबडतोब मोकळे करावे लागते.

कामटीचे तत्त्व मात्र बरोबर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मोडलेला भाग हलू न देणे हाच प्राथमिक उपचार आहे, आणि त्यासाठी कामटी, जाड पुठ्ठा, घडी घातलेले वर्तमानपत्र, उशी यांपैकी काहीही चालते. आधी मऊ कापडाची गादी द्यावी, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे आधारात घ्यावेत, गाठ दुखऱ्या जागेवर मारू नये, बोटांची टोके उघडी ठेवावीत, आणि सूज चढण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर बांधणी सैल करावी. लेप मात्र नको. कातडी फाटली असेल तर चुना, हळद, शेण किंवा माती यांतून जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात, आणि हाडात शिरलेला पू वर्षानुवर्षे वाहताना मी पाहिला आहे. अशा उघड्या मोडीवर स्वच्छ ओले कापड झाकावे आणि रुग्णाला शक्य तितक्या लवकर, होता होईल तो तासाभरात, प्रतिजैविकाची पहिली मात्रा आणि धनुर्वाताची लस मिळेल असे पाहावे.

बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत, हा समज सरळ चुकीचा आहे. बोटे हलवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या मोडीच्या जागेवरून सुखरूप जाऊ शकतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेले मनगटातील छोटे नावेच्या आकाराचे हाड तर असे आहे की ते मोडल्यावर माणूस काम करत राहतो, पहिल्या एक्स-रेमध्येही काही वेळा काही दिसत नाही, आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढल्यावर मोड सापडते. खुब्याचे हाड एकमेकांत रुतून मोडले तर वृद्ध बाई चार पावले चालतसुद्धा येतात.

हळद-दुधाबद्दल एवढेच, की ज्याला भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे त्याचे पोट रिकामे हवे. दुधानंतर साधारणपणे सहा तास थांबावे लागते, आणि जबर मार लागलेल्या माणसाचे पोट त्याहूनही सावकाश रिकामे होते. प्रेमाने पाजलेला पेला भुलेच्या वेळी उलटून फुप्फुसात जाऊ शकतो.

वाहतुकीच्या मुद्द्यात खरा पेच आहे. बायपासवर किंवा भेरूघाटात रात्री अपघात झाला तर लोक घाबरून जखमीला दोन्ही काखांत धरून उचलतात आणि रिक्षात दुमडून बसवतात. मान किंवा पाठ मोडलेली असेल तर याच क्षणी मज्जारज्जू चिरडला जाऊ शकतो. म्हणून १०८ क्रमांकाला फोन आधी करावा, आग किंवा येणाऱ्या वाहनांचा धोका नसेल तर जखमीला हलवू नये, श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. रुग्णवाहिका येण्याचे चिन्हच नसेल आणि रक्तस्राव चालू असेल तर न्यावेच लागेल; तेव्हा एकाने डोके व मान शरीराच्या रेषेत धरावी, इतरांनी एकाच वेळी उचलावे, आणि सपाट जागा असलेल्या वाहनात आडवे न्यावे.

परक्याला हात लावू नये, या वाक्याने मला सर्वांत जास्त दुःख झाले. एके काळी ही भीती निराधार नव्हती, पण कायदा बदलून आता वर्षे झाली. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला निर्धारित रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोखरहित उपचार देण्याची केंद्राची योजनाही लागू आहे.

राहिला सळई-पट्टीचा मुद्दा. बहुतेक मोडींना शस्त्रक्रिया लागत नाही, हे संदेशात अर्धे तरी खरे आहे : गळ्याजवळची हासळी बहुधा झोळीत जुळते, लहान मुलांची हाडे वाढता वाढता बराच वाकडेपणा स्वतःच सरळ करतात. पण ‘जुळणे’ आणि ‘कामाला येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी राहिली तर हाड जुळूनही सांधा झिजतो. जर्मन शल्यचिकित्सक गेऱ्हार्ड क्युंचर यांनी १९३९ मध्ये हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची रीत आणण्यापूर्वी मांडी मोडलेला माणूस वजने लटकवून महिनोन्महिने अंथरुणात पडून असे. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजींचा खुबा मोडला आणि ‘या वयात कशाला’ म्हणून घरी निजवून ठेवले, तर पाठीच्या जखमा, न्यूमोनिया आणि पायातल्या रक्ताच्या गाठी त्यांना नेतात. त्यांच्यासाठी दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून त्यांना उठवून बसवणे हाच प्राण वाचवणारा उपचार आहे.

अनावश्यक शस्त्रक्रिया होतात, हा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्यावर सरसकट नकार हे उत्तर नाही. एक्स-रे प्रकाशासमोर धरून विचारा : हाड किती सरकले आहे, मोड सांध्यात गेली आहे का, नुसते प्लास्टर केले तर सहा महिन्यांनी हा हात किंवा पाय कसा असेल, आणि शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा धोका किती. या चार प्रश्नांची उत्तरे चित्रावर बोट ठेवून द्यायला पाच मिनिटे पुरतात. जो डॉक्टर ती पाच मिनिटे देत नाही, त्याच्याकडून एक्स-रे मागून घेऊन दुसऱ्याचे मत घ्यावे, आणि ते त्याच दिवशी घ्यावे.