शरदातल्या झाडांना ‘ताकद’ देऊ नका

शरद ऋतू लागला की घरच्या भाजीबागेबद्दल एक सल्ला हातोहात फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच. हंगामभर फळं देऊन झाडं थकलेली असतात, त्यांना ताकद द्या. ताकद म्हणजे एप्सम सॉल्टचं पाणी आणि अंड्याची टरफलं. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर दोन्ही जरा जास्तच. फळं पिकत नसतील तर पानं काढून त्यांना ऊन लागू द्या. तोडायची घाई करू नका, फळ झाडावरच पूर्ण तयार होऊ द्या. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर पाणी कमी करा. आणि एवढं करूनही झाड सावरलं नाही तर उपटून टाका, हंगाम संपला.

हा सल्ला मनापासून पुढे पाठवला जातो, यात शंका नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याचा फटका बसतो तो चार-सहा कुंड्या किंवा एखादा वाफा सांभाळणाऱ्यांना. त्यांच्या झाडावरची दहा फळं गेली तर मागे काही उरत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते ‘थकणं’. या दिवसांत बदलतो तो प्रकाश. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या सुमाराला आणि दक्षिण गोलार्धात 20-21 मार्चच्या सुमाराला दिवस-रात्र सारखे होतात आणि तिथून रात्र मोठी होत जाते. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितका हा उतार जास्त. सूर्य खाली सरकतो, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसभर उजेडात असलेली कुंडी आता भिंतीच्या सावलीत जाते. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, भेंडी ही सगळी उबेची पिकं. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास आलं की त्यांची वाढ जवळपास थांबते. प्रकाश आणि ऊब कमी पडते आहे, तिची भरपाई खताने होत नाही. उलट या वेळी नत्र जास्त दिलं तर कोवळी लुसलुशीत पालवी फुटते, तिच्यावर मावा बसतो आणि फळं आहेत तिथेच राहतात. कुंडीतल्या मातीतून रोजच्या पाण्याबरोबर अन्नद्रव्यं वाहून जातात हे खरं आहे, त्यामुळे मूठभर चांगलं कंपोस्ट द्यायला हरकत नाही. कुंडी जागेवरून हलवून उन्हात नेलीत तर त्याहून जास्त फरक पडेल.

आता टोमॅटोचं काळं बूड. या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फळं इथेच वाया जातात. डाग देठाकडे पडत नाही, विरुद्ध टोकाला, जिथून फूल गळून गेलेलं असतं तिथे पडतो. आधी पाणी शिरल्यासारखा पट्टा दिसतो, मग तो तपकिरी, मग काळा, चपटा आणि कडक होतो. हा रोग नाही, कुठली बुरशी नाही. फळाच्या त्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं. अडचण वाहतुकीची असते. कॅल्शियम झाडात फक्त वर चढणाऱ्या पाण्याबरोबर जातं. पानांतून बाष्प सतत बाहेर पडत असतं म्हणून पानं ते पाणी ओढून घेतात. फळातून बाष्प फारच थोडं जातं, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. एकदा पानात गेलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे परत येत नाही. फळ झपाट्याने फुगत असताना दोन दिवस माती कोरडी पडली आणि मग बादलीभर पाणी ओतलं, की टोकाकडच्या पेशी तेवढ्यातच खचतात.

या कारणावर त्या सल्ल्यातले दोन्ही उपाय ताडून बघा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात कॅल्शियम नावालाही नाही. इतकंच नव्हे, मुळाशी मॅग्नेशियम जास्त झालं तर ते कॅल्शियमशी स्पर्धा करतं आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं. म्हणजे ज्या झाडाची फळं काळी पडताहेत त्यालाच हे द्रावण घातल्याने त्रास वाढू शकतो. मॅग्नेशियमची खरी कमतरता वेगळी दिसते: जुन्या, खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तसं दिसलं, किंवा माती तपासून घेतली असेल आणि कमतरता निघाली असेल, तर ते जरूर वापरा. अंड्याच्या टरफलात कॅल्शियम भरपूर असतं, पण ते कार्बोनेटच्या रूपात, आणि मातीत अतिशय सावकाश विरघळतं. हातांनी चुरून घातलेले तुकडे पुढच्या वर्षी कुंडी उलटी केली तरी जसेच्या तसे सापडतात. या हंगामातल्या फळाला त्यांचा उपयोग शून्य.

करायचं ते साधं आहे. मातीत बोट दोन पेरं आत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. माती वाफशावर राहायला हवी, चिखलही नको आणि भेगाही नकोत. वर वाळक्या पाल्याचं चार-पाच सेंटिमीटर आच्छादन घाला. शरदात दुपार तापते आणि रात्र गार होते, त्यामुळे ‘रोज एक तांब्या’ हा हिशोब चालत नाही. काही दिवशी दोनदा लागेल, काही दिवशी मुळीच नाही. आणि टोमॅटोचं झाड पाच लिटरच्या डब्यात असेल तर तोच मूळ घोळ आहे. त्याला पंधरा-वीस लिटर माती हवी. डाग पडलेलं फळ बरं होत नाही, पण पाणी सुरळीत झालं की नंतरची फळं स्वच्छ येतात.

पानं काढून ऊन लावायचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. टोमॅटो पिकायला उजेड लागत नाही. पिकणं चालतं ते फळाच्या स्वतःच्या इथिलीन वायूवर आणि तापमानावर. साधारण 20 ते 25 अंशांत ते सर्वांत छान होतं. तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरी राहतं. बारा-तेराच्या खाली सगळंच रेंगाळतं. फळातली साखर येते पानांतून, आणि आपण तीच पानं छाटायची? शिवाय इतके दिवस सावलीत वाढलेल्या फळावर एकदम ऊन पडलं की त्या बाजूला पांढरट पातळ चट्टा पडतो आणि मग तिथून ते सडतं. मातीला टेकलेली, पिवळी, डागाळलेली खालची पानं मात्र काढावीत.

‘तोडायची घाई नको’ याचंही तसंच. टोमॅटोच्या बुडाशी हिरव्यात किंचित गुलाबी-पिवळी झाक दिसू लागली की ते फळ तोडा. तिथून पुढे ते घरातही पिकतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही. झाडावर ठेवलं तर अवेळी पाऊस आला की तडकतं, पक्षी टोचतात, अळी शिरते. पूर्ण हिरवी फळं तयार आहेत का हे बघायचं असेल तर त्याच आकाराचं एक आडवं कापा. बियांभोवती गर बुळबुळीत झाला असेल आणि सुरी लागताच बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील, तर बाकीची फळं घरात पिकतील. बिया सुरीखाली चिरल्या गेल्या तर ती अजून कच्ची आहेत, झाडावरच राहू द्या. तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांचा वास आणि चव जाते.

काकडी, भेंडी, घेवडा यांना तर उशीर अजिबात चालत नाही. या फळांत बी पिकायला लागलं की झाडाचा जोर तिकडे जातो आणि नवी फळधारणा मंदावते. वेलीवर लपून राहिलेली एक जून काकडी पुढच्या कितीतरी कोवळ्या काकड्या अडवते. एक दिवसाआड झाडाखाली वाकून, पानं बाजूला करून बघा. अपवाद तांबड्या भोपळ्याचा. तो पूर्ण पिकलाच पाहिजे. सालीवर नख उमटेनासं झालं की देठाचा तुकडा ठेवून कापायचा आणि उबदार, कोरड्या जागी आठ-दहा दिवस ठेवायचा, म्हणजे टिकतो.

पांढऱ्या भुकटीबद्दल. ती भुरी, पानांवर वाढणारी एक बुरशी. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट पाण्याने ते अडतात. दिवसा कोरडी ऊब, रात्री गार दमट हवा, दाटी आणि सावली हे तिला मानवतं, म्हणजे नेमका शरद. पाणी तोडलं तर झाड ताणात येतं आणि भुरी आणखी पसरते. पानं विरळ करा, वारा खेळू द्या. लागण नुकतीच असेल तर दुधाचा फवारा खरंच काम करतो. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेट्टिओल यांनी 1999 साली हरितगृहातल्या झुकिनीवरच्या (भोपळ्याच्या कुळातल्या एका भाजीवरच्या) प्रयोगांत ते दाखवलं: एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा. पूर्ण पांढऱ्या झालेल्या पानावर मात्र त्याची अपेक्षा नको. आणि बोटाने पुसून बघा; भुरी बोटाला लागते. पानावर वरून पिवळे कोनाकार डाग आणि खालून करडी बुरशी असेल तर तो केवडा नावाचा वेगळाच रोग, त्याला ओली पानंच हवी असतात. तिथे पाणी बुडाशी द्या, पानांवर नको.

राहिलं ‘हंगाम संपला’. जिथे लवकरच हिमकण पडतात तिथे हिशोब खरोखर घट्ट असतो. फूल उमललं की पिकलेलं फळ मिळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा त्या अंदाजाने शेंडा खुडा, नवी फुलं काढा, म्हणजे असलेली फळं पोसतील. पण जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे झाड उपटणं हा मोठा तोटा आहे. कडक उन्हाळ्यात दिवस 32-35 अंशांच्या वर आणि रात्री उष्ण असल्या की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. त्या झाडाला आपण थकलेलं म्हणतो. रात्री 15-20 अंशांवर आल्या की त्याच झाडावर फळं धरायला लागतात.

जी जागा रिकामी होईल तिथे लगेच पालक, मुळा, गाजर, वाटाणा पेरा. माती अजून उबदार असल्याने बी पटकन उगवतं आणि गार हवेत पानं कोवळी राहतात. छोट्या जातीचा मुळा चार आठवड्यांत हाती येतो. लेट्यूसचं बी मात्र तीस अंशांच्या आसपासच्या मातीत झोपून राहतं, ते संध्याकाळी पेरून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. दिवसाचा उजेड दहा तासांच्या खाली जाणाऱ्या प्रदेशात त्यानंतर वाढ जवळपास थांबते, म्हणून तिथे पेरणी आत्ताच व्हायला हवी. जुनं झाड काढताना मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या सूक्ष्म किडींच्या) गाठी नसतील तर ते बुडापाशी कापा, मुळं मातीतच राहू द्या, आणि त्याच दिवशी कडेने मुळ्याचं बी टाका.