मॅनिफेस्टो, बारा स्टोन आणि माझी खुर्ची

नमस्कार.

‘मॅनिफेस्टो’ या शर्यतीच्या घोड्यावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा चहा घेताना, एकदा चहा गार झाल्यावर. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी: या घोड्याला ‘व्हिक्टोरियन’ म्हणणं चूक आहे, १९०० साली त्याच्यावर लादलेलं वजन आणि सोळाव्या वर्षी त्याला पळवणं हा कौतुकाचा नव्हे, शरमेचा विषय आहे, आणि “खुर्चीत बसून घोड्यांवर लिहिणाऱ्यांनी कधी लीद तरी उचलली आहे का?”

पहिलं मान्य. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. मॅनिफेस्टो ग्रँड नॅशनलमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या अडथळ्यांच्या मोठ्या घोडेशर्यतीत, आठ वेळा उतरला, त्यातल्या १९०२, १९०३ आणि १९०४च्या शर्यती एडवर्डच्या राज्यातल्या. शीर्षक बदललं आहे. पण त्याचे दोन्ही विजय, १८९७चा आणि १८९९चा, राणी जिवंत असतानाचेच. असो.

आता लीद.

मिरजेत आमच्या आजोबांचा टांगा होता. शाळेआधी तबेला झाडणं माझ्याकडे. लीद उचलली आहे का? पाट्यांनी उचलली आहे, भर पावसाळ्यात, आणि मग राखेनं हात घासून शाळेत गेलो आहे. तरीही बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं नाही, ते इथे सांगत बसत नाही. खरारा करताना घोडा कातडी कुठे थरथरवतो, चंदीच्या तोबऱ्यात तोंड घातल्यावर कसा फुरफुरतो, हे मी वाचून शिकलेलो नाही.

लेखात मी लिहिलं होतं, की मालक हॅरी डायस यांनी मॅनिफेस्टो बल्टील यांना चार हजार पौंडांना विकला, आणि १८९८च्या शर्यतीला तो मुकला. कारण काय, तर तबेल्यातल्या पोऱ्यानं दार उघडं टाकलं. घोडा बाहेर आला, फाटकावरून उडी घेतली आणि खुराच्या वरचा सांधा दुखावून बसला. तुम्हाला त्यात फक्त एक किस्सा दिसला. मला तो पोऱ्या ठाऊक आहे. नऊ वर्षांचा असताना मीही कडी लावायला विसरलो होतो. पहाटे आमचा राजा हौदापाशी सापडला, पुढचा डावा खूर टेकवत नव्हता. आजोबा काही बोलले नाहीत. खाली बसले, दोन्ही तळव्यांत तो सांधा धरला आणि गरम लागतोय का ते बघत राहिले. त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. सतरा दिवस टांगा उभा होता. तेव्हा खुर्ची वगैरे शब्द जरा जपून वापरा.

वजनाचं म्हणाल तर १२ स्टोन १३ पौंड, म्हणजे साधारण ८२ किलो, हा आकडा माझ्याच लेखातला आहे. मलाच तो सुनावता? पहिला आलेला ‘अँबुश’, प्रिन्स ऑफ वेल्सचा घोडा, मॅनिफेस्टोपेक्षा ११ किलो कमी ओझं घेऊन पळाला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, यालाच हँडिकॅप म्हणतात. नियम मी केलेला नाही. साडेचार मैल, तीस अडथळे. शेवटी आता जिंकत नाही हे कळल्यावर मॅनिफेस्टोवरच्या स्वारानं, विल्यमसननं, त्याला पिटाळलं नाही, आणि दुसरा नंबरही ‘बारसॅक’ या घोड्यानं नेला. ही क्रूर माणसाची लक्षणं का? सोळाव्या वर्षी तो आठवा आला. पडला नाही. यापुढे त्या विषयावर मला बोलायचं नाही.

१८९९ला गोठलेल्या जमिनीवर अंथरलेल्या गवतावरून तो घसरला, जवळजवळ आडवा झाला, सावरला आणि १२ स्टोन ७ पौंड घेऊन जिंकला. त्याबद्दल आपण अवाक्षर काढलं नाहीत. अर्थात टीकाच करायची म्हटल्यावर काय!

आणि हो, वजन. आमच्या टांग्यात लग्नसराईत सात-सात माणसं बसायची. पुलाचा चढ आला की आजोबा स्वतः उतरून राजाच्या बरोबरीनं चालायचे. बाकीचे बसून राहायचे, मीही.

पुढचा लेख १८६८ आणि १८७१ची नॅशनल जिंकणाऱ्या ‘द लॅम्ब’वर येतोय. ते कोकरू नव्हतं, घोडाच होता. तेवढं आधीच सांगून ठेवतो.