काकांच्या गोळ्या बंद होणार नाहीत: पार्किन्सन्सच्या त्या फॉरवर्डला उत्तर

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. वर 'हार्वर्डचा खळबळजनक शोध', खाली हिरव्या टिकांची रांग. मजकूर थोडक्यात असा: पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात, हा मेंदूचा आजार नाहीच, तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत असतो, तो जीन्समधून येतो, म्हणजे आईवडिलांना असेल तर मुलांना होणारच, तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवा, खाजकुयलीचं चूर्ण सुरू करा आणि डॉक्टरांच्या गोळ्या फेकून द्या. एरवी असलं काही मी वाचून सोडून देते. पण परवा मावशीने विचारलं, "काकांची सिंडोपा थांबवून बघू का गं? एवढे हार्वर्डचे लोक म्हणतायत तर..."

आधी गोळ्यांचंच बोलू, कारण बाकी सगळं चुकलं तर डोकं चुकतं, हे चुकलं तर माणूस जातो. सिंडोपात लेव्होडोपा असतं. मेंदूत त्याचं डोपामिन होतं आणि हालचाल त्यावर चालते. काकांची दुपारची गोळी अर्धा तास लांबली तरी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थिजतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मग मावशी त्यांच्यापुढे आपलं पाऊल आडवं धरते, ते ओलांडायचं म्हणून त्यांचा पाय उचलला जातो. ही अर्ध्या तासाची गोष्ट झाली. गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं कडक होणं, जोराचा ताप, शुद्ध हरपणं, इथपर्यंत वेळ येऊ शकते, आणि मग गाठ थेट आयसीयूशी. लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने लिहू नये. माहीत असून लिहिलं असेल तर बोलायलाच नको.

आता तो 'शोध'. संशोधन खरं आहे, 2014 सालचं, 'सायन्स' नियतकालिकात आलेलं, बोस्टनच्या, हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांचं. त्यांनी 461 जणांच्या रक्तातून दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या, टी पेशी आणि मोनोसाइट. डीएनएतल्या बारीक फरकांमुळे कुठल्या पेशीत कुठलं जनुक जास्त चालतं, कुठलं कमी, हे पाहिलं. संधिवातासारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांचा धोका वाढवणारे फरक टी पेशींत जास्त परिणाम करताना दिसले. अल्झायमर आणि पार्किन्सन्सचे मोनोसाइटमध्ये. आणि फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळलेली गोष्ट ही, की ते 461 जण निरोगी होते. पार्किन्सन्सचे रुग्ण नव्हतेच. मग 'रुग्णांच्या रक्तात रोग सापडला' हे आलं कुठून? सापडला तो धोक्याचा एक धागा. मोनोसाइटच्या जातकुळीतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूत झाडलोट करत असतात, म्हणून हा धागा महत्त्वाचा. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही, रक्त काढता येतं, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. थरथर आणि ताठरपणा येतो तो मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात म्हणूनच.

बरं, प्रतिकारशक्तीचा हात असेलही. 2017 साली 'नेचर'मध्ये आलंच की काही रुग्णांच्या टी पेशी अल्फा-सिन्यूक्लिन या, पार्किन्सन्समध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यांवर चवताळतात. पण त्यातून 'वाढवा' कसं निघतं? केंब्रिजच्या डॉक्टरांनी रुग्णांवर चाचणीसाठी निवडलं ते अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. फॉरवर्डमधल्या सल्ल्याच्या बरोबर उलट दिशेने.

'मुलांना होणारच' हे तर सरळ खोटं. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो. 2019 च्या मोठ्या अभ्यासात डीएनएतले धोक्याचे 90 वेगवेगळे फरक मोजले गेले, आणि त्यातल्या बहुतेकांचा एकेकट्याने होणारा परिणाम किरकोळ. एलआरआरके2 या जनुकातला ठळक बदल उत्तर आफ्रिकेतल्या अरब-बर्बर आणि अश्केनाझी ज्यू रुग्णांत बराच आढळतो, भारतात क्वचितच. तोही अंगात असून म्हातारपणापर्यंत धडधाकट राहिलेली माणसं आहेत. तेव्हा या एका फॉरवर्डपायी कुणाची सोयरीक मोडू नका.

राहिली खाजकुयली. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. तिच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतं, कंपवातावर वैद्य ती देत आले आहेत आणि तिच्यावर रीतसर चाचण्याही झाल्यात. म्हणजे ज्या गोळीला हे 'केमिकल' म्हणून शिव्या घालतात तेच द्रव्य डब्यात भरून विकतात! फरक एवढाच की गोळीत मात्रा ठरलेली असते, आणि लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. चूर्णात किती आहे ते पुडीगणिक बदलतं. गोळी चालू ठेवून वर चमचाभर चूर्ण घेतलं तर हातापायांची नको ती वळवळ, भास, मळमळ, रक्तदाब घसरणं, सगळं होऊ शकतं. घ्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला डबा दाखवून घ्या. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही. चूर्ण मागवायचा मोबाइल नंबर मात्र ठळक अक्षरांत आहे.