वाडा वाचवायचा, पण कोणाच्या पैशानं?

मागच्या महिन्यात घरच्या ग्रुपवर मी डॅव्हनपोर्ट हाउसचे फोटो टाकले. मी राहतो ते सव्हाना अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात. तिथलं हे १८२० सालचं विटांचं घर. बाणेरच्या चुलतभावानं लगेच लिहिलं, ‘बघा, दोनशे वर्षांचं घर कसं ठेवलंय. नाहीतर आपण!’ शनिवार पेठेतल्या काकांचं उत्तर दुपारी आलं. ‘छान. आपल्या माडीवर यंदा तिसरी ताडपत्री.’

सव्हाना काही जन्मापासून वारसाप्रेमी नव्हतं. १९५४ साली इथल्या एलिस स्क्वेअरमधली जुनी मंडई पाडून बहुमजली पार्किंग बांधलं. आपली फुले मंडई पाडली असं समजा. पुढच्याच वर्षी डॅव्हनपोर्ट हाउसची पाळी आली, तीही पार्किंगसाठीच. तेव्हा सात बायका पुढे आल्या आणि त्यांनी २२,५०० डॉलर उभे करून ते घर चक्क विकत घेतलं. त्यांच्या हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशननं पुढे फिरता निधी काढला. मोडकळीला आलेलं घर घ्यायचं, ते पाडायचं नाही ही अट करारात घालायची, दुरुस्त करील त्यालाच विकायचं आणि आलेल्या पैशातून पुढचं घर. अशा चारशेच्या वर इमारती वाचल्या. एलिस स्क्वेअर मोकळा व्हायला मात्र २०१० उजाडलं. पार्किंग जमिनीखाली गेलं, वर कारंज्यात पोरं भिजतात. मंडई गेली ती गेलीच.

पाहुण्यांना घेऊन मी डॅव्हनपोर्ट हाउस तीनदा पाहिलं. वळणदार जिना, झुंबरं, सगळं झकपक. तिसऱ्या खेपेला डोक्यात आलं, की १९५५ मध्ये हे घर म्हणजे चाळ होती, खोलीखोलीत भाडेकरू. त्यांचं काय झालं? घराला मोल चढलं की आधी भाडेकरू हलतो, हे पुणेकराला सांगायला नको. इथंही जुन्या वस्त्यांमधल्या गरीब काळ्या कुटुंबांवर तीच वेळ येत होती. म्हणून १९७० च्या दशकात याच फाउंडेशनचे माजी अध्यक्ष ली अ‍ॅडलर यांनी शहराच्या व्हिक्टोरियन म्हणवल्या जाणाऱ्या जुन्या भागातली घरं दुरुस्त करून तिथल्याच गरिबांना परवडणाऱ्या भाड्यानं द्यायची योजना काढली. मला त्या सात बायकांपेक्षाही हे काम मोठं वाटतं.

आता काकांचा वाडा. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत. संरक्षित स्मारकांसाठीच्या २०१० च्या कायद्यानं तिथं दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, नवं बांधकाम नाही. स्मारकाभोवती टॉवर नकोत हे मलाही पटतं. पण वाळवीनं पोखरलेल्या सागवानी खांबाला तीन टेकू लागलेत, दर पावसाळ्याआधी ‘धोकादायक’ची नोटीस येते, आणि भाडेकरूंचं भाडं अजून दोन आकडी. दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे हे ना कायदा सांगतो, ना ग्रुपवरचे वारसाप्रेमी. आपल्याकडे मालकाला एक तर ‘हात लावू नकोस’ म्हणतात, नाहीतर ‘पाडून टाक’. ‘आम्ही निम्मा खर्च उचलतो’ म्हणणारं कोणी दारात आल्याचं काकांना आठवत नाही.

इथं बसून असं लिहिणं सोपं आहे, कारण रात्री पाऊस लागला की घमेलं मला ठेवावं लागत नाही. आणि काकांची अडचण नुसती पैशांची नाही. आजोबांच्या मागे प्रॉपर्टी कार्डावर अकरा नावं लागली, त्यातलं एक माझं. छपराच्या कामाला सगळ्यांच्या सह्या हव्यात. माझ्या मुखत्यारपत्राचा मसुदा काकांनी मार्चमध्येच पाठवलाय. त्यासाठी अटलांटाच्या भारतीय वकिलातीत जायचं म्हणजे गाडीनं चार तास, तेही सुट्टी टाकून. दहा सह्या झाल्यात.