वेदनेची पट्टी शेकायची नसते, कापायची तर मुळीच नाही

कोल्हापुरात, राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत, सध्या व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: कॅन्सरच्या पेशंटला लावलेली फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी लवकर लागू पडावी म्हणून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवा, आणि डोस जास्त वाटला तर पट्टी अर्धी कापा. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

उष्णतेनं औषध त्वचेतून झपाट्यानं रक्तात जातं, श्वास मंदावतो. ताप चढला तरी हेच होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवा. कापलेल्या पट्टीतून किती औषध सुटेल याचा भरवसा नसतो. पहिल्या पट्टीचा पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात. तोवर दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची साधी (लवकर असर करणारी) गोळी द्यायची, दुसरी पट्टी चिकटवायची नाही.

लावताना केस नसलेली, कोरडी जागा निवडा, म्हणजे छाती किंवा दंड. आधी साध्या पाण्यानं पुसा, साबण नको. तळहातानं ३० सेकंद दाबून धरा. ७२ तासांनी जुनी पट्टी काढून नवी दुसऱ्या जागी लावा. तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहा, लक्षात राहील यावर विसंबू नका. काढलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडा, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

या पट्टीनं बद्धकोष्ठता होते, म्हणून तिचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. दारू आणि मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

हाक मारून पेशंट जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर पट्टी काढा आणि १०८ ला फोन करा. पट्टी काढली तरी असर कित्येक तास राहतो.