निबंध पोरांनाच लिहू द्या

आज दुपारी सांगलीत विश्रामबागला एका हॉलमध्ये परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाबद्दल पालकांसाठी कार्यक्रम होता. मैत्रिणीची लेक अकरावीला आहे, ती म्हणाली तू यातून गेलीयेस, चल बरोबर. गेले. घरी येऊन स्वयंपाक झाला, भांडी झाली, तरी डोकं शांत होत नाही म्हणून लिहायला बसलेय. मोठं होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

व्याख्यान द्यायला आलेले गृहस्थ बोलायला चांगले होते. स्लाइड चकाचक. हॉल भरलेला, मागे लोक उभे. आणि मधेच ते म्हणाले, "सांगलीची मुलं एका बाबतीत नशीबवान आहेत, तुमच्याकडे पूर आहे." आधी कुणाला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. तिकडे अर्जासोबत मुलाने स्वतःबद्दल एक निबंध, म्हणजे एसे, लिहायचा असतो. २०१९ ला तुमची मुलं नऊ-दहा वर्षांची असतील. त्या वयातली पुराची आठवण अमेरिकेतल्या प्रवेश समितीला भिडते. एका पालकाने विचारलं, आमच्या घरात पाणी आलंच नव्हतं, आम्ही वारणालीत राहतो. तर म्हणाले, "काही हरकत नाही, ते आम्ही बसवतो. एसेचं टेन्शन तुम्ही घेऊच नका."

बसवतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं त्या वेळी. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. लोकांना पुरातून बाहेर काढणारी ब्रह्मनाळची बोट उलटली ते या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. माणसं गेली, दावणीची जनावरं गेली, दुकानांतून कुजलेल्या धान्याचे ढीग फावड्याने काढले. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते, पुरानंतर शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या करताना समोर बसलेल्या माणसाकडे बघवत नव्हतं. आणि हा माणूस आम्हाला सांगतो की ज्या पोराच्या घरात पाणी आलं नाही त्याच्याही घरात आपण ते आणू, इंग्रजीत, साडेसहाशे शब्दांत.

सगळ्यात जास्त कशाने लागलं सांगू? लोक लिहून घेत होते.

माझ्या लेकाने दोन वर्षांपूर्वी हे अर्ज केले होते. आमच्या घरात परदेशात कुणी नाही, इंजिनियर कुणी नाही. मला इंग्रजी वाचता येतं, लिहायला फारसं जमत नाही. त्यामुळे आम्हीही आधी एका ऑनलाइन सल्लागाराचं फुकटचं सेशन घेतलं होतं. त्यांनी लेकाला सांगितलं की तू सुट्टीत आत्याच्या गावात चार पोरांना गणित शिकवलंस ना, तेच मोठं करून लिही. संस्था काढली म्हण, शंभर मुलं म्हण. आजोबांना काही आजार असेल तर तोही येऊ दे. पोरगं सतरा वर्षांचं, समोरचा माणूस टाय लावून बोलतोय, त्याने लिहिलं तसं.

रविवारी आम्ही हरिपूरला माझ्या वडिलांकडे गेलो होतो. आबांना नातवाचं सगळं ऐकायचं असतं. म्हणून याने तो निबंध त्यांना मराठीत सांगितला. आबा कॉटवर बसून ऐकत होते, मी खाली वाटाणे सोलत होते. पूर्ण ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे कधी केलंस रे तू?" टोमणा वगैरे काही नाही. त्यांना खरंच वाटलं की नातवाने एवढं केलं आणि आपल्याला सांगितलं नाही.

लेक गप्प झाला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. थोड्या वेळाने त्याने मोबाइलवरून ते सगळं पुसलं.

आबा आयुष्यभर हळदीच्या पेवांवर कामाला होते. बाहेरच्या मित्रांसाठी सांगते, हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत खोल पेवं आहेत. तोंड अरुंद, आत ऐसपैस. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवा खेळत नाही. २००५ च्या पुराने बरीच पेवं निकामी झाली. भरलेलं पेव माझ्या लेकाने कधी पाहिलंच नाही. पण त्या दिवशी त्याने आबांना विचारलं की उघडल्यावर लगेच आत उतरायचात का. आबांनी हात हलवून दाखवला, छे. आधी तोंड उघडून ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. कंदील विझला तर वर ओढायचा आणि थांबायचं. जळत राहिला तर माणूस उतरणार.

लेकाच्या डोक्यात तेच बसलं. कंदील विझतो त्या हवेत माणूस जगतो का? शाळेत मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घालायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. आपल्याला सांगितलं होतं की ऑक्सिजन संपला म्हणून ज्योत विझली. याने शोधाशोध केली, कॉलेजच्या लॅबमध्ये खटपट केली, तर कळलं की ऑक्सिजन संपत नाही. ज्योत विझते तेव्हाही बराचसा शिल्लक असतो, फक्त ज्योतीला पुरत नाही. म्हणजे आबांचा कंदील माणसाच्या आधी हार मानतो, आणि म्हणूनच तो उपयोगाचा. हे त्याने लिहिलं. पुस्तकात वाचलेलं चुकीचं निघाल्यावर काय वाटलं ते लिहिलं, आणि आबांचा हात लिहिला. संस्था नाही, आजार नाही. आबा खडखडीत आहेत, आजही संगमेश्वरापर्यंत चालत जातात.

तो निबंध मी अर्ज पाठवल्यानंतर वाचला. एक शब्द माझा नाही त्यात.

आता लगेच कुणीतरी विचारेल, मग मिळाला का प्रवेश? आज हॉलच्या बाहेर एका ओळखीच्या बाईंनी विचारलंच. जाता येईल असा नाही मिळाला. काही ठिकाणी सरळ नकार, एका ठिकाणी वेटिंग लिस्ट, एका ठिकाणी प्रवेश मिळाला पण पैशाची मदत इतकी कमी की आमचं घर विकूनही भागलं नसतं. लेक आता पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत आहे, खुशीत आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "बघा, म्हणूनच प्रोफेशनल माणूस लागतो." मी काही बोलले नाही, रस्त्यात काय बोलणार. पण इथे बोलते. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातल्या जेमतेम चार जणांना घेतात. तिथे नकार येणं ही पोराची किंमत नव्हे. आणि खोट्या निबंधावर प्रवेश मिळाला असता तर माझ्या लेकाला आबांसमोर पुन्हा बसता आलं असतं का, हे त्या बाईंनी मला सांगावं.

जेईईचं उदाहरण घ्या. आपल्याच गल्लीतल्या कुणी पोराच्या जागी दुसऱ्याला पेपरला बसवलं तर आपण काय म्हणू? डमी बसवला म्हणू, पोलिसात जाईल म्हणू, त्या घराशी सोयरीक करायची का म्हणून विचार करू. मग हा निबंध दुसऱ्याने लिहिला तर तो डमी कसा नाही? कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यात शेवटी पोराला सही करावी लागते की हे सगळं माझं स्वतःचं काम आहे आणि खरं आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातली पहिली सही, आणि ती आपण खोटी करायला लावायची?

तिकडच्या लोकांना कळत नाही असंही समजू नका. २०१९ मध्येच अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं प्रकरण बाहेर आलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिका बदलणं, पोरं खेळाडू नसताना खेळाडू दाखवणं, सगळं त्याने श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन केलं. आईबाप तुरुंगात गेले, त्यांत दोन नामवंत अभिनेत्रीसुद्धा. त्याला स्वतःला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधाला आकड्यांत गुण देणं बंद केलं, कारण सल्लागार आणि एआय यांमुळे लिहिणारा नक्की कोण हेच कळेनासं झालंय. प्रिन्स्टन तर शाळेत लिहिलेला, शिक्षकांनी तपासून मार्क दिलेला एक पेपर वेगळा मागवते. हे त्या स्लाइडवर कुठेच नव्हतं.

आणखी एक गोष्ट नव्हती, आणि ती आपल्यासारख्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा अगदी थोड्या ठिकाणी परदेशी मुलाची ऐपत न बघता निवड होते आणि घेतलं तर लागेल तेवढी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की ते निवड करताना लक्षात घेतलं जातं. हे अर्ज करण्याआधी माहीत नसेल तर तुम्ही फी भरत राहाल आणि पोरगं झुरत राहील. लाखांत पैसे घेणाऱ्या माणसाने हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

बरं, सगळे सल्लागार असे नसतात, मान्य. काही जण फॉर्म नीट समजावून देतात, तारखा सांभाळतात, त्याचे पैसे घेतात, घेऊ देत. शहरातल्या मोठ्या शाळांत यासाठी वेगळी माणसं असतात आणि आपल्याकडे ज्युनियर कॉलेजमध्ये कुणाला काउन्सेलर रिपोर्ट, म्हणजे शाळेने मुलाबद्दल पाठवायची माहिती, म्हणजे काय हेही ठाऊक नसतं, तेही खरं. माझ्या लेकाला एका सरांनी शिफारसपत्र मागितल्यावर सांगितलं होतं, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांना वाटलं ते मदतच करतायत. लेक दुसऱ्या मॅडमकडे गेला. त्या मॅडमनी आधी मराठीत कच्चं लिहिलं, मग इंग्रजी केलं, रात्री फोन करून त्याला विचारलं की लॅबमधला तो ग्लास फुटला होता तो कोणत्या महिन्यात. अशीही माणसं आहेत आपल्याकडे. त्यांना शोधायला पालकांनी वेळ दिला पाहिजे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण मला ती आई आठवतेय, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. मांडीवर फाइल, फाइलमध्ये लेकीची पहिलीपासूनची सर्टिफिकेटं, प्रत्येक लॅमिनेट केलेलं. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट, स्कॉलरशिप, तालुका पातळीचा खो-खो. ती वक्त्याला दाखवायला थांबली होती. त्याने वरचं एक पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे, पण यात स्टोरी नाही." तिचा चेहरा पडला. तिला पोरीसाठी काहीच कमी पडू द्यायचं नाहीये आणि इंग्रजी येत नाही म्हणून ती घाबरलीये. तिच्यावर मी कशी रागावू? मी तिच्या जागी होतेच की. फरक इतकाच की माझ्याकडे आबा होते, ज्यांनी भलत्या वेळी खरा प्रश्न विचारला.

तर अशा आईबापांसाठी लिहिते. आपल्याला इंग्रजी येत नसलं तरी आपल्या वाट्याला भरपूर काम आहे, आणि ते दुसरं कुणी करू शकत नाही. मदतीसाठीचा जो सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात घराची सगळी कुंडली मागतात. उत्पन्न, रिटर्न, बँकेतली शिल्लक, घर स्वतःचं का भाड्याचं, शेती किती आणि तिची किंमत काय, वर्षाचा खर्च किती. हे पोराला माहीत नसतं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पगाराची पत्रं आधीच काढून ठेवा, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. नववीपासूनच्या मार्कलिस्ट कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी मिळवायला चकरा माराव्या लागतात, त्या आपण मारायच्या. अर्जाच्या फी माफीची सोय असते, ती कॉलेजला समजावून सांगावी लागते. आणि डिसेंबरात बारावीची सराव परीक्षा, जानेवारीत जेईई, १ जानेवारीच्या आसपास बहुतेक अर्जांची मुदत, हे सगळं एकाच पोराच्या डोक्यावर येतं. त्या दिवसांत घरात आवाज न चढवणं हेसुद्धा काम आहे, आणि सोपं नाही. आमच्याकडे ह्यांनी टीव्ही बंद ठेवला होता महिनाभर, क्रिकेटसकट.

पुराचा निबंध कुणी लिहूच नये असं मी म्हणत नाही. ज्या पोराने छतावर बसून रात्र काढली त्याने जरूर लिहावं, त्याला जसं आठवतं तसं. ते त्याचं आहे. वारणालीतल्या पोराला दुसरं काहीतरी आठवत असेल, ते त्याला शोधू द्या. रिकामं बसू द्या, आजीशी बोलू द्या, खोडू द्या.

अकरावी-बारावीतल्या कुणाच्या घरी हे चालू असेल तर माझ्याकडे आमच्या वेळच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आहेत. रविवारी सकाळी मी घरी असते, मेसेज करून या. सीएसएसचा फॉर्म शेजारी बसून भरून देईन, पैसे वगैरे काही नाही. हिशेबाचं काम आहे, ते मला येतं. मुदतीच्या आठवड्यात येऊ नका, दिवाळीच्या आधी या, तहसीलमधून दाखले मिळायला वेळ लागतो. आणि त्या फाइलवाल्या ताईंना कुणी ओळखत असेल तर माझा नंबर त्यांना द्या.