तणमोर म्हणजे ‘छोटा माळढोक’ नव्हे

पावसाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो: ‘तणमोर ही माळढोकाचीच लहान जात. दोघांना पारध्यांनी आणि शिकाऱ्यांनी संपवलं. माळावर झाडं लावा, दोन्ही पक्षी परत येतील.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

‘लहान जात’ कशी? कूळ एक, इतकंच खरं. माळढोकाचा नर मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत भरणारा. मादी त्याच्यापुढे बरीच लहान. तणमोराचं उलट आहे. नर जेमतेम अर्धा किलोचा, मादी त्याच्याहून मोठी. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते, माळढोकाची बहुधा एकच. ते एक कुत्र्यानं खाल्लं की त्या खेपेचं सगळंच गेलं.

शिकारीनं घात केला, हे मान्य. भर पावसाळ्यात तणमोराचा काळा-पांढरा नर गवतातून सरळ वर उसळतो, माणसाच्या उंचीइतका. पंख फडफडवतो, बेडकासारखा आवाज काढतो आणि गवतात गडप होतो. दिवसातून शेकडो वेळा. मादीसाठी मारलेली ही उडी बंदूकवाल्या साहेबांनाही दिसायची. पण शिकारीवर बंदी घालणाऱ्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही दोघं घटतच गेले. माळढोक आता दीडशेच्याही आत आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. तिथं त्यांना विजेच्या तारा मारतात: देह जड, समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. तणमोराची विणीची कुरणं नांगराखाली गेली. गवत नसेल तिथं तो उभ्या पिकात अंडी घालतो. आणि पारध्यांचं म्हणाल तर अकोला-वाशिमकडे फासेपारधी समाजातलीच माणसं तणमोर राखायला पुढे आली आहेत. सगळ्या समाजावर ठपका ठेवणं हा अन्याय आहे.

‘झाडं लावा’ हे मात्र सर्वांत घातक. दोघांच्याही पायाला मागचं बोटच नसतं, फांदी धरून बसता येत नाही. त्यांना लांबवर दिसणारा मोकळा माळ लागतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, ते अशाच माळासाठी.

तुमच्याकडची रोपं ओढ्याकाठी लावा, गावठाणात लावा. माळावरचं गवत मात्र दसऱ्यापर्यंत कापू नका, गुरंही तिथं सोडू नका. तोवर पिल्लांना पंख फुटलेले असतात.